बिनकवचाच्या अंड्याची राखण

मृगाचा पहिला जोरदार पाऊस पडला की शेताच्या बांधालगत साचलेल्या पाण्यात पिवळेधमक झालेले बेडूक रात्रभर ओरडतात. हे मोठ्या बेडकांचे नर. माद्या येतात, पाण्यात अंडी घालतात, नर त्यांवर शुक्राणू सोडतात आणि पहाटेपर्यंत दोघंही आपापल्या वाटेनं निघून जातात. मागे उरतात हजारो अंडी आणि त्यांच्या वाट्याला येणारं नशीब. बेडकांविषयीचा आपला समज या दृश्यावर बेतलेला आहे: भरमसाट अंडी घालायची, पाठ फिरवायची, जगतील ती जगतील. बहुतेक जातींपुरता तो खराही आहे. पण जगात उभयचरांच्या आठ हजारांहून अधिक जाती आहेत आणि बेडकांपुरतं बोलायचं तर अंदाजे दहातल्या एक-दोन जातींत आई, बाप किंवा दोघंही अंड्यांची वा पिल्लांची काळजी घेतात. कुणी अंड्यांवर बसून राहतं, कुणी त्यांवर माती लिंपतं, कुणी पिल्लं पाठीवरून वाहून नेतं, कुणी आपल्या अंगाची कातडी त्यांना खाऊ घालतं. या गोष्टी सहसा निसर्गातल्या गमतीजमती म्हणून सांगितल्या जातात आणि तिथंच सोडून दिल्या जातात. त्या एकत्र मांडून पाहिल्या तर त्यांतून एक सरळ सूत्र हाती येतं. उभयचरांमधलं संगोपन हे अंडं जिथं ठेवलं त्या जागेनं उभ्या केलेल्या अडचणीवरचं उत्तर असतं. कोणती जात काळजी घेईल, आई घेईल की बाप आणि किती दिवस, हे जागा ठरवते. म्हणूनच अशा जाती वाचवायच्या तर प्राण्याइतकाच विचार त्या जागेचा करावा लागतो.

सुरुवात अंड्यापासून करावी लागेल. पक्ष्याच्या किंवा पालीच्या अंड्याला कवच असतं, आतला ओलावा ते धरून ठेवतं. बेडकाच्या अंड्याला असं काही नसतं. गर्भाभोवती फक्त एक पारदर्शक, बुळबुळीत थर असतो. पाण्यात असताना तो फुगतो, गर्भाला प्राणवायू मिळतो, सगळं ठीक चालतं. उघड्यावर हाच थर काही तासांत सुकू शकतो. मग अशी अंडी पाण्याबाहेर ठेवायचीच कशाला? कारण पाणीही काही सुरक्षित नाही. डबक्यात मासे असतात, चतुरांच्या अळ्या असतात, पाणकिडे असतात, दुसऱ्या बेडकांची शेपटीवाली पिल्लं, म्हणजे भैकेर, असतात. या सगळ्यांना अंडी हवीच असतात. शिवाय पावसानं चार दिवस दडी मारली तर डबकंच आटून जातं. या कचाट्यातून सुटण्यासाठी अनेक जातींनी अंडी पाण्याबाहेर आणली: ओढ्यावर वाकलेल्या पानावर, ओल्या दगडावर, पाचोळ्याखाली, झाडाच्या ढोलीत. आपल्या सह्याद्रीतला निक्टिबॅट्रॅकस हुमायुनी हा छोटा बेडूक असाच. ओढ्यावरच्या पानांवर आणि खडकांवर त्याची अंडी चिकटलेली असतात आणि पिल्लं बाहेर पडली की थेट खालच्या पाण्यात टपकतात. ही युक्ती माशांपासून वाचवते, पण नवी संकटंही आणते. अंडं सुकू शकतं, त्यावर बुरशी चढू शकते, मुंग्या, माश्या आणि साप ते गाठू शकतात. पाण्यानं जे काम फुकट केलं असतं ते आता कुणाला तरी करावं लागतं. जगभरच्या १३०० हून अधिक उभयचर जातींची तुलना करणारं एक संशोधन २०१९ साली प्रसिद्ध झालं. जमिनीवरचं प्रजनन आणि संगोपन यांचं नातं घट्ट आहे आणि संगोपन एकदाच उपजलेलं नसून वेगवेगळ्या कुळांत पुन्हा पुन्हा, स्वतंत्रपणे उपजलं आहे, असं अशा तुलनांमधून दिसतं. एकच उत्तर इतक्या वेळा वेगवेगळ्यांना सुचतं तेव्हा प्रश्न सगळ्यांसमोर तोच असतो.

हे जवळून पाहायचं तर उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या ओढ्यांकडे वळावं. २०१४ साली के. व्ही. गुरुराज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या एका बेडकाचं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलं आणि त्याला नाव दिलं निक्टिबॅट्रॅकस कुंबारा, म्हणजे कुंभार. रात्रीच्या वेळी नर-मादी उथळ ओढ्याच्या काठी येतात आणि पाण्याच्या जरा वर, एखाद्या फांदीला किंवा पानाला अंडी चिकटवली जातात. मादी निघून जाते. नर मात्र थांबतो. ओढ्याच्या तळातली माती तो पुढच्या दोन्ही पायांनी उचलतो, मागच्या पायांवर उभा राहतो आणि ती माती अंड्यांवर थापतो. पुन्हा खाली वाकतो, पुन्हा माती घेतो, पुन्हा लिंपतो, ते अंड्यांचा सगळा पुंजका झाकेपर्यंत. या लेपामुळे अंडी सुकत नसावीत आणि शत्रूच्या नजरेला पडत नसावीत, असा संशोधकांचा कयास आहे. यात नराला लागणाऱ्या गोष्टी मोजून पाहाव्यात. ओढा उथळ हवा, नाहीतर उभं राहता येणार नाही. तळाची माती चिकट आणि बारीक हवी. पाण्यावर योग्य उंचीला फांदी हवी. यांतलं एक जरी नसलं तरी ही सारी कारागिरी फुकट जाईल. वर्तन प्राण्याच्या अंगात असतं हे खरं, पण त्याची निम्मी सामग्री ओढ्याची असते.

यावर एक आक्षेप लगेच घेता येतो. नर अंड्यांजवळ थांबतो ते अंड्यांसाठी कशावरून? त्याला चांगली जागा सापडलेली असते, पुढची मादीही तिथंच येणार असते, म्हणून तो तिथं ठाण मांडून बसत असेल आणि अंडी केवळ योगायोगानं शेजारी असतील. आक्षेप रास्त आहे आणि त्याचं उत्तर नुसत्या निरीक्षणानं मिळत नाही. त्यासाठी पालकाला बाजूला करून काय होतं ते पाहावं लागतं. पश्चिम घाटाच्या दक्षिण टोकाला, तमिळनाडूतल्या कळक्काड मुंडनतुरै व्याघ्र प्रकल्पात, के. एस. शेषाद्री आणि डेव्हिड बिकफर्ड यांनी नेमकं हेच केलं. त्यांचा बेडूक होता रॉर्केस्टिस चालाझोडेस. १८७४ नंतर सुमारे १३६ वर्षं कुणाच्या दृष्टीस न पडल्यामुळे नामशेष मानला गेलेला आणि अलीकडे पुन्हा सापडलेला हा हिरवा झुडपी बेडूक. तो राहतो बांबूच्या दोन गाठींमधल्या पोकळ कांड्यात. आत जायला कांड्यावर एखादी चिंचोळी फट असावी लागते, आणि ती फट बेडकाला स्वतःला पाडता येत नाही. किडे किंवा इतर प्राण्यांनी बांबूला केलेल्या इजेवर तो अवलंबून असतो. मादी आत जेमतेम पाच ते आठ अंडी घालून निघून जाते. इथं भैकेराची अवस्थाच नाही, अंड्यातून थेट इवलंसं बेडकाचं पिल्लू बाहेर पडतं. तोवर बाप आत राखण करतो. संशोधकांनी काही कांड्यांतून नर बाजूला केले. बापाविना राहिलेली अंडी मोठ्या प्रमाणात नष्ट झाली, आणि त्यांचे मुख्य मारेकरी निघाले त्याच जातीचे दुसरे नर. ते आत शिरून अंडी फस्त करतात. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानं योगायोगाची शंका निकालात काढली: बाप असला तर अंडी जगतात, नसला तर मोठ्या प्रमाणात नष्ट होतात. आणि धोक्याचं स्वरूपही जागेतूनच आलेलं आहे. फट असलेलं कांडं दुर्मीळ, म्हणून त्यासाठी चढाओढ, म्हणून शेजारचा नर हाच सर्वांत मोठा वैरी.

या दोन्ही उदाहरणांत काळजी घेतो तो बाप. सस्तन प्राण्यांवरून बांधलेल्या आपल्या अंदाजांना हे चमत्कारिक वाटतं, पण बेडकांत ते अगदी साहजिक आहे. सस्तनांत गर्भ आईच्या पोटात वाढतो, दूध आईकडे असतं, त्यामुळे पालकत्वाचा भार मुळातच तिच्यावर पडतो. बहुतेक बेडकांत फलन शरीराबाहेर होतं. अंडी घातली जात असताना नर तिथंच असतो, अंडी आपली असल्याची त्याला बऱ्यापैकी हमी असते आणि बरेचदा जागाही त्यानंच राखलेली असते. मादीची बरीचशी शक्ती मोठी, पिवळ्या बलकाची अंडी तयार करण्यात खर्च झालेली असते आणि पुढच्या अंड्यांसाठी तिला पुन्हा खाऊन-पिऊन तयार व्हायचं असतं. युरोपातल्या सुईण भेकाचा नर अंड्यांची माळ आपल्या मागच्या पायांना गुंडाळून हिंडतो आणि पिल्लं बाहेर पडायची वेळ झाली की पाण्यात उतरतो. तरीही आया निष्काळजी असतात असा निष्कर्ष काढायची घाई नको. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या काचबेडकांच्या माद्या अंडी टाकून निघून जातात असंच बराच काळ मानलं जात होतं. जेसी डेलिया आणि सहकाऱ्यांनी रात्र-रात्र थांबून चाळीस जातींचं निरीक्षण केलं, तेव्हा अनेक जातींत आई पहिल्या रात्री काही तास अंड्यांवर बसून राहते असं दिसलं. तिच्या अंगातलं पाणी मिळून अंड्यांभोवतीचा थर फुगतो. तेवढे काही तास तिला बाजूला केलं तर अंडी मोठ्या प्रमाणावर मरतात. हे काम एका रात्रीत उरकतं आणि तेही अंधारात, म्हणून ते नजरेतून सुटलं होतं. संगोपन करणाऱ्या जातींचा आपला आकडा म्हणूनच कमीत कमी धरावा.

जागा संगोपन ठरवते, या म्हणण्याचा सर्वांत चोख पुरावा पेरूच्या जंगलातून येतो. तिथं विषारी बेडकांच्या दोन जवळच्या नात्यातल्या जाती राहतात, रॅनिटोमेया इमिटेटर आणि रॅनिटोमेया व्हेरियाबिलिस. दोघंही भैकेरांना पाठीवर घेऊन झाडांच्या पानांच्या बेचक्यात साचलेल्या पाण्यात नेऊन सोडतात. फरक एवढाच की व्हेरियाबिलिस त्यातल्या त्यात मोठी पाण्याची जागा निवडतो, तर इमिटेटरच्या वाट्याची पाण्याची जागा अगदीच लहान असते. थोड्या पाण्यात खायलाही थोडंच मिळतं. व्हेरियाबिलिसमध्ये बाप एकटा पिल्लांचं पाहतो आणि तेवढं पुरतं. इमिटेटरमध्ये बाप पिल्लांवर लक्ष ठेवतो, त्यांना भूक लागली की ओरडून मादीला बोलावून आणतो आणि ती त्या पाण्यात एक निष्फळ अंडं घालते, केवळ पिल्लाला खाण्यासाठी. दोघांपैकी एक जरी गेला तर पिल्लाची उपासमार होते. म्हणून ही जोडी टिकून राहते आणि बहुतेक जोड्या एकमेकांशी एकनिष्ठ असल्याचं जनुकीय तपासणीतही आढळलं. २०१० साली जेसन ब्राउन, व्हिक्टर मोरालेस आणि काइल समर्स यांनी हे मांडलं तेव्हा उभयचरांतल्या एकनिष्ठ जोडप्याचा हा पहिला भक्कम दाखला ठरला. नातं जवळचं, जंगल तेच, शरीराची ठेवण सारखी. बदललं ते फक्त पाण्याचं प्रमाण, आणि त्यासरशी कुटुंबाची रचना बदलली.

बाहेर भरवशाची जागा मिळतच नसेल तर काय? मग पालक आपलं शरीरच जागा म्हणून देतो. दक्षिण अमेरिकेतल्या पिपा नावाच्या चपट्या बेडकीच्या पाठीच्या कातडीत अंडी रुततात आणि तीन-चार महिन्यांनी तिथून पूर्ण वाढलेली पिल्लं बाहेर येतात. चिली आणि अर्जेंटिनातल्या डार्विनच्या बेडकाचा नर भैकेरांना आपल्या स्वरपिशवीत वाढवतो आणि पिल्लं त्याच्या तोंडातून बाहेर उडी घेतात. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडमधल्या जठरात पिल्लं वाढवणाऱ्या बेडकीनं कमाल केली होती. ती फलित अंडी गिळायची, अंड्यांतून आणि पिल्लांतून स्रवणाऱ्या एका द्रव्यामुळे तिच्या जठरातलं आम्ल बंद व्हायचं आणि सहा-सात आठवडे काही न खाता ती त्यांना पोटात वाढवायची. या यादीत आपल्याला सर्वांत कमी ठाऊक असलेले उभयचर म्हणजे देवगांडूळ: बिनपायाचे, मातीत राहणारे, साप किंवा गांडूळ समजून दुर्लक्षिले गेलेले. यांच्या अनेक जातींत आई अंड्यांभोवती वेटोळं घालून बसते. ईशान्य भारतात सापडलेलं चिकिलिडी हे देवगांडुळांचं कुळ एस. डी. बिजू आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली जगासमोर आणलं. त्यातली आई दोन-तीन महिने अंड्यांपाशी काही न खाता राहते. केनियातल्या एका जातीची पिल्लं आईच्या अंगावरची जाड, पोषक कातडी दातांनी खरवडून खातात. ब्राझीलमधल्या सायफोनॉप्स ॲन्युलाटस या जातीची आई पिल्लांना दुधासारखा स्निग्ध द्रवही पाजते आणि पिल्लं आवाज करून तो मागतात, हे २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून कळलं. रत्नागिरी जिल्ह्यातून वर्णन झालेलं गेगेनोफिस शेषाचारी हे देवगांडूळ तर अंडी न घालता थेट पिल्लांना जन्म देतं. २००८ साली हे सिद्ध झालं, तेव्हा आशियातल्या उभयचरांत जन्म देणाऱ्या जातीची ती पहिलीच नोंद होती. कोकणातल्या लाल मातीत जे घडतं ते जगाच्या विज्ञानात भर घालू शकतं, याचा याहून चांगला दाखला शोधावा लागू नये.

आता आणखी एक आक्षेप. हे सगळं उपजत वर्तन आहे, त्याला संगोपन असं मोठं नाव कशाला? आईबापाच्या मायेशी त्याची सांगड घालणं हा माणसाचा भाबडेपणा नाही का? बेडकाला काय वाटतं याविषयी मी कोणताही दावा करत नाही, आणि माझ्या म्हणण्याला त्याची गरजही नाही. संगोपन ओळखायची कसोटी साधी आहे: पालकाला काही किंमत मोजावी लागते आणि त्यामुळे पिल्लं जगण्याची शक्यता वाढते. पण उपजत म्हणजे आंधळं, हा त्यातला छुपा अर्थ मात्र मान्य करता येत नाही. आफ्रिकेतल्या मोठ्या बेडकाचा नर भैकेरांजवळ पहारा देतो. डबकं आटू लागलं की तो मागच्या पायांनी चिखल उकरत जवळच्या मोठ्या पाण्यापर्यंत चर खणतो आणि भैकेर त्यातून पलीकडे जातात. डबकं भरलेलं असेल तर तो खणत बसत नाही. परिस्थिती पाहून वर्तन बदलतं. याच्या उलट टोकाचं उदाहरण अमेरिकेतल्या हेलबेंडर या मोठ्या सॅलॅमँडरचं. त्याचा नर ओढ्यातल्या दगडाखालच्या बिळात महिनोन्‌महिने अंडी राखतो. व्हर्जिनियात विल्यम हॉपकिन्स आणि सहकाऱ्यांनी आठ वर्षं १८२ घरट्यांचा मागोवा घेतला. ओढ्याच्या वरच्या अंगाचं जंगल जिथं तुटलं होतं, तिथं आपली सगळीच्या सगळी अंडी खाऊन टाकणाऱ्या बापांचं प्रमाण जास्त आढळलं. हा बाप वाईट आणि तो चांगला, असं इथं म्हणण्यात अर्थ नाही. राखण करणारा नर दोन्हीकडे तोच आहे. ओढा बिघडला आणि त्याबरोबर राखणही कोलमडली.

राखण इतकी उपयोगी, तर सगळेच बेडूक ती का करत नाहीत? कारण ती महाग आहे. राखणीला बसलेला नर नीट खाऊ शकत नाही आणि शत्रूच्या तोंडी सहज सापडतो. पाऊसपाण्याच्या सुगीच्या काळात, जिथं मोठं डबकं भरलेलं आहे तिथं, हजारो अंडी घालून निघून जाणं हाच शहाणपणाचा हिशेब ठरतो. आंबोलीच्या सड्यावरचा भेक जांभ्यातल्या खळग्यांत साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि पाणी आटायच्या आत पिल्लं वाढतील यावर भिस्त ठेवतो. त्याचं उत्तर वेगळं, पण तेही जागेलाच दिलेलं. आणि इथं एक गैरसमज दूर करायला हवा. आईबाप राखण करतात म्हणजे ती जात अधिक सुरक्षित, असं वरवर वाटतं. वस्तुस्थिती उलटही असू शकते. ज्याची हजारो अंडी असतात त्याचं एक डबकं गेलं तरी दुसऱ्या डबक्यात काही तगतात. ज्याची पाच-आठच अंडी असतात आणि तीही एका फटीच्या कांड्यात, त्याचं कांडं गेलं की त्या वर्षीचं सगळंच गेलं. राखण करणाऱ्या जातीनं संख्येचं संरक्षण सोडून जागेवर सारा भार टाकलेला असतो. जठरात पिल्लं वाढवणाऱ्या त्या ऑस्ट्रेलियन बेडकीचं वर्णन १९७३ साली झालं आणि १९८१ नंतर ती जंगलात कुणाला दिसली नाही. तिची बहीणजात १९८४ साली सापडली आणि पुढच्याच वर्षानंतर हरवली. कायट्रिड बुरशीच्या रोगाचा यात मोठा हात असावा असं मानलं जातं. इतकी अद्भुत राखण असूनही दोन्ही जाती गेल्या, आणि जठरातलं आम्ल थांबवण्याची त्यांची किमया नीट समजून घ्यायची संधीही त्यांच्याबरोबर गेली.

जगातल्या उभयचरांपैकी सुमारे ४१ टक्के जाती आज धोक्यात आहेत, असं २०२३ साली प्रसिद्ध झालेलं जागतिक मूल्यांकन सांगतं. कोणत्याही पृष्ठवंशी गटात हे प्रमाण सर्वाधिक आहे. पश्चिम घाटात धरण, रस्ता, खाण किंवा पर्यटन प्रकल्प आला की पर्यावरणाच्या अहवालात जातींची यादी जोडली जाते. अमुक बेडूक आढळला, तमुक आढळला. वर जे मांडलं ते खरं असेल तर ही यादी अपुरी आहे. कुंबारा बेडूक आढळला याला तेव्हाच अर्थ आहे, जेव्हा ओढ्याच्या काठची माती, पाण्याची उथळ खोली आणि वाकलेल्या फांद्याही तपासल्या जातात. ओढ्याचे काठ दगडी बांधून काढले तर बेडूक काही काळ ओरडत राहील, त्याची पिल्लं मात्र जन्मणार नाहीत. बांबू तोडायचाच असेल, आणि कागदापासून चटयांपर्यंत त्याला मागणी असतेच, तर पावसाळ्यातल्या विणीच्या दिवसांत तो तोडू नये आणि जुनी, इजा झालेली, फटी पडलेली कांडी टाकाऊ म्हणून काढून टाकू नयेत. सड्यावर मातीचा भराव घालण्याआधी तिथले पावसाळी खळगे मोजावेत. यांतली कोणतीही गोष्ट फार खर्चिक नाही. त्यासाठी लागते ती फक्त प्राणी आणि त्याची जागा एकत्र पाहण्याची सवय. उभयचरांच्या आईबापांनी लाखो वर्षांत शोधलेली उत्तरं अचूक आहेत, पण प्रत्येक उत्तर एका ठरावीक जागेसाठी आहे. ती जागा आपण बदलली तर नवं उत्तर शोधायला त्यांना वेळ मिळत नाही. त्यांची राखण पुरी पडावी असं वाटत असेल, तर त्यांच्या ओढ्यांची, बांबूंची आणि सड्यांची राखण आपल्यालाच करावी लागेल.